पायधूळ आणि मनावरची धूळ

मार्च लागला की महाड-पोलादपुरात दुकानदाराच्या हातातले फडके सुटत नाही. महामार्गावरून एखादा ट्रेलर गेला की मागे तांबूस धुळीचा लोट उठतो आणि सावकाश काचांवर, पाट्यांवर, रस्त्याकडेच्या झाडांवर येऊन बसतो. इफ्तारच्या आधी तासभर खजूर, कलिंगड आणि पपईच्या गाड्यांभोवती माणसे जमतात, तेव्हा फळवाला एका हाताने पैसे घेतो आणि दुसऱ्या हाताने फळांवरून ओले फडके फिरवत राहतो. सकाळी झाडलेली ओटी असरच्या अजानपर्यंत पुन्हा मळलेली असते. मोहल्ला असो की आळी, तक्रार एकच : काय ही धूळ!

ज्या धुळीला दिवसभर नावे ठेवली जातात, तिला भाषेने मात्र मोठा मान दिला आहे. घरी कोणी वडीलधारे माणूस यावे असे वाटले तर मराठी माणूस म्हणतो, "एकदा आमच्याकडे पायधूळ झाडा." उर्दूत पत्र लिहिणारा शेवटी स्वतःला 'खाकसार' म्हणवून सही करतो. खाक म्हणजे धूळ, आणि खाकसार म्हणजे धुळीसारखा. जुन्या मराठी पत्रांत हेच काम 'चरणरज' हा शब्द करीत असे.

२०२५ सालच्या रमजानमध्ये तर या शब्दाची आठवण पुन्हा पुन्हा व्हावी असे योग जुळून आले. १४ मार्चला, रमजानच्या दुसऱ्या जुम्याच्या दिवशी, धुलिवंदन झाले. २० मार्चला एकोणिसावा रोजा होता. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली याच तारखेला झाला. आणि रमजानची १९ तारीख ही इस्लामी इतिहासात हजरत अली यांच्यावर झालेल्या हल्ल्याची तारीख आहे. तिन्ही दिवसांचे संदर्भ वेगळे, माणसे वेगळी. पण तिन्ही दिवस माणसाला त्याच्या पायाखाली बघायला लावतात.

दोन भाषांतली एकच धूळ

मराठीतले धुळीचे वाक्प्रचार मोजायला बसले तर त्यांचे सरळ दोन ढीग पडतात. एका ढिगात धूळ चारणे, धुळीस मिळवणे, धूळधाण होणे, डोळ्यांत धूळ फेकणे असे शब्दप्रयोग येतात. यांत कोणीतरी कोणाला तरी खाली पाडले आहे, फसवले आहे किंवा नामोहरम केले आहे. कचेरीत फाइल 'धूळ खात' पडते तेव्हाही तिच्यामागे कोणाची तरी उपेक्षाच असते. दुसऱ्या ढिगात पायधूळ, चरणरज, धुलिवंदन आणि धूळभेट हे शब्द बसतात. इथे धूळ कोणी कोणावर फेकत नाही. माणूस ती आपणहून कपाळाला लावतो.

यातला 'धूळभेट' हा शब्द फार सुंदर आहे. आज तो उभ्या उभ्या दिलेल्या भेटीसाठी वापरला जातो. पण पंढरपूरला पोहोचलेला वारकरी आंघोळीपांघोळीला न थांबता, वाटेची धूळ पायांवर तशीच घेऊन विठ्ठलाला भेटायला जातो, ती खरी धूळभेट. हाजच्या दिवसांत अराफातच्या मैदानात लाखो लोक उभे राहतात. विस्कटलेल्या केसांनी आणि धुळीने माखलेल्या अंगाने आलेल्या या माणसांकडे अल्लाह कौतुकाने पाहतो, अशा आशयाची हदीस आहे. वारकरी आणि हाजी यांच्या वाटा निराळ्या. मात्र अंगावरची धूळ दोघांनाही लाजिरवाणी वाटत नाही, कारण ती चालून आल्याची खूण असते.

उर्दूतही असेच दोन ढीग सापडतात. 'खाक में मिलाना' म्हणजे धुळीस मिळवणे. 'खाक छानना' म्हणजे कशाच्या तरी शोधात वणवण करणे. 'खाक डालो' म्हणजे झाले गेले विसरा. मराठीत यासाठी 'मूठमाती देणे' हा जवळचा शब्द आहे. मुस्लिम दफनविधीत जमलेला प्रत्येक जण कबरीत तीन मुठी माती टाकतो, त्याला 'मिट्टी देना' म्हणतात. मराठी सुधारक वाईट रूढींना मूठमाती द्यायला सांगत आले, आणि कब्रस्तानात माणसे खरोखरची मूठमाती देत आली. शब्द एकमेकांच्या शेजारी इतके सहज राहतात की त्यांचे शेजारपण लक्षातही येत नाही.

काही शब्द तर शेजार सोडून थेट घरातच राहायला आले. 'जळून खाक झाले' असे म्हणताना आपण फारसी बोलतो आहोत असे कोणाला वाटत नाही. मराठीने 'खाक' घेतली ती मुख्यतः राखेच्या अर्थाने. धुळीचा अर्थ मात्र 'खाकी'त टिकून राहिला. १८४६ मध्ये पेशावरला इंग्रजांनी 'कोअर ऑफ गाइड्स' ही पलटण उभी केली. तिच्या गणवेशासाठी हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने मातीत मिसळून जाईल असा रंग निवडला आणि धुळीच्या रंगाचा तो कपडा जगभर खाकी म्हणून गेला. पुढे पोलिसांच्या वर्दीमुळे धुळीच्या नावाचा हा रंग धाकाचा रंग झाला. फारसीत 'गर्द' म्हणजेही धूळच. ब्राऊन शुगर या नशेच्या भुकटीला मराठीत 'गर्द' नाव पडले आणि अनिल अवचटांच्या त्याच नावाच्या पुस्तकाने ते घरोघर पोहोचवले. आयुष्याची धूळधाण करणाऱ्या वस्तूला धुळीचेच नाव मिळाले.

शिक्षणाची सुरुवातही धुळीतच झाली. पाटी-पेन्सिल येण्याआधी मुले फळ्यावर धूळ पसरून तीत बोटाने अक्षरे काढत. ती धूळपाटी आणि ती धुळाक्षरे. आजही एखाद्या विषयात नवखा असलेला माणूस 'सध्या धुळाक्षरे गिरवतो आहे' असे म्हणतो. जुन्या भारतीय गणितग्रंथांत आकडेमोडीला 'धूलिकर्म' म्हटले आहे. भारतातले अंक अरबांकडे गेले आणि तिथून मगरिबमध्ये, म्हणजे उत्तर आफ्रिका आणि स्पेनच्या बाजूला पोहोचले, तेव्हा तिथल्या अंकांना नाव पडले 'गुबार अंक'. गुबार म्हणजेही धूळ, कारण तिथेही हिशेब धुळीच्या पाटीवरच होत. आज साऱ्या जगात चालणारे १, २, ३ हे आकडे अशी धुळीतून वाट काढत गेले.

अबू तुराब

अरबीत मातीला, धुळीला 'तुराब' म्हणतात. कबरीला आपण 'तुरबत' म्हणतो, तो शब्द याच मुळातून आला. आणि याच मुळातून एक उपाधी आली, जिचा उल्लेख एकोणिसाव्या रोजाला व्हायलाच हवा.

हजरत अली हे पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई. एकदा घरात हजरत फातिमा यांच्याशी काही बोलाचाली झाली, तेव्हा ते घराबाहेर पडले आणि मशिदीत जाऊन जमिनीवरच झोपी गेले. पैगंबर त्यांना शोधत आले. अंगावरची चादर सरकलेली, पाठीला धूळ लागलेली. पैगंबरांनी स्वतःच्या हाताने ती धूळ झटकली आणि प्रेमाने हाक मारली, 'अबू तुराब'. म्हणजे धूळवाला, धुळीचा बाप. हजरत अलींना पुढे अनेक मोठ्या उपाध्या मिळाल्या. त्यांना 'अल्लाहचा सिंह' म्हटले गेले, ते खलिफा झाले. पण सर्वांत आवडती राहिली ती ही धुळीची उपाधी.

पुढचा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. सत्तेच्या संघर्षात अलींचे विरोधक त्यांना हिणवण्यासाठी हेच नाव वापरू लागले. पैगंबरांच्या तोंडी जो शब्द लाडाचा होता, तोच विरोधकांच्या तोंडी टोमणा झाला. शब्द बदलला नव्हता, उच्चारही तोच होता. बदलला होता तो बोलणाऱ्याच्या मनातला भाव. हिजरी ४० मध्ये, रमजानच्या १९ तारखेला, कुफा शहराच्या मशिदीत फजरच्या वेळी अलींवर तलवारीचा वार झाला आणि २१ तारखेला त्यांचा मृत्यू झाला. मातीशी नाते सांगणारा हा माणूस रोज्याच्या महिन्यात मातीत विसावला.

धुळीच्या वाक्प्रचारांचे दोन ढीग का पडतात, याचे उत्तर या प्रसंगात आहे. धूळ दुसऱ्यावर टाकली की अपमान होतो, आपणहून अंगावर घेतली की नम्रता होते. आणि कोणी दुसऱ्याच्या पाठीवरची धूळ आपल्या हाताने झटकली, तर त्याला माया म्हणतात.

पाणी, माती आणि चवदार तळे

नमाजच्या आधी वुजू करायची, म्हणजे हात, तोंड, पाय पाण्याने धुवायचे, हे बहुतेकांना माहीत असते. पण पाणीच नसेल तर काय, किंवा आजारपणामुळे पाणी लावता येत नसेल तर काय, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. त्याचे उत्तर आहे तयम्मुम. स्वच्छ मातीवर दोन्ही तळहात टेकवायचे आणि ते चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवायचे. पैगंबरांच्या एका प्रवासात हजरत आयेशा यांचा हार हरवला. तो शोधण्यासाठी काफिला थांबला, तिथे पाणी नव्हते आणि नमाजची वेळ झाली होती. त्या प्रसंगी ही सवलत मिळाली, असे हदीसमध्ये आले आहे. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे. त्या पंथाच्या नियमांत तर तयम्मुमसाठी दगड चालत नाही, हाताला चिकटेल अशी धूळच लागते.

ज्या धुळीने कपडा मळतो, त्याच धुळीने माणूस प्रार्थनेसाठी शुद्ध होतो, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण तयम्मुम या शब्दाचा मूळ अर्थच मुळी 'हेतू धरणे' असा आहे. शुद्धी पाण्यात नसते आणि मातीतही नसते. ती हेतूत असते.

महाडमध्ये हा विचार करताना चवदार तळ्यापाशी थांबावेच लागते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला आणि त्याला धरून महाड नगरपालिकेने तळे खुले केले. पण ते फक्त कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. गावात अफवा उठवली गेली, प्रतिनिधींवर हल्ले झाले, अनेक जण जखमी झाले. त्या दिवशी काहींना महाडच्या मुस्लिम घरांनी आसरा दिला, हेही इतिहासात नोंदले गेले आहे. नंतर पंचगव्याच्या घागरी ओतून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली आणि नगरपालिकेने ठराव मागे घेतला. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन मंडपासाठी दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन तिथेच झाले. तळ्याच्या पाण्यावरचा हक्क मान्य व्हायला मात्र मुंबई उच्च न्यायालयाचा १९३७ सालचा निकाल यावा लागला. त्यासाठी दहा वर्षे गेली.

माणसाच्या हाताने पाणी बाटते, हा समज कुठून येतो? कुराणात सांगितलेली सैतानाची गोष्ट इथे आठवते. आदमला मातीपासून घडवले गेले आणि सर्वांना त्याच्यापुढे झुकायला सांगितले गेले. सगळे झुकले, इब्लिस झुकला नाही. त्याचे कारण एवढेच की मी आगीतून जन्मलो आणि हा मातीतून. जन्मावरून स्वतःला उंच ठरवण्याचा तो पहिला दावा. पैगंबरांच्या शिकवणीत यावरचे उत्तर साधे आहे : तुम्ही सगळे आदमची लेकरे आणि आदम मातीचा.

हे उत्तर फक्त इतरांना ऐकवण्यासाठी नाही. मशिदीत एका ओळीत खांद्याला खांदा लावून उभे राहणारे लोक सोयरीक जमवताना खानदान विचारतात, बिरादरी विचारतात, कोणाच्या आजोबांचा धंदा काय होता तेही काढतात. तरावीहच्या वीस रकातींत चाळीस वेळा कपाळ जमिनीला लागते. महिनाभर रोज ते लागले आणि ईदनंतर मान पुन्हा तेवढीच ताठ झाली, तर लागलेल्या त्या जमिनीचा काय उपयोग? अशा माणसांना चवदार तळ्याचा दिवस रमजानमध्ये यावा, हे बरेच म्हणायचे.

ढिगाऱ्याजवळ

मातीने या दोन तालुक्यांना गेल्या काही वर्षांत जे दाखवले, ते कोणत्याही शब्दकोशात मावणारे नाही. २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी महाडच्या काजळपुरा भागात पाच मजली इमारत कोसळली. काही क्षण समोरचा माणूस दिसू नये इतकी धूळ उठली, आणि ती खाली बसली तेव्हा इमारत नव्हती. १६ माणसे गेली. दुसऱ्या दिवशी, सुमारे १९ तासांनी, चार वर्षांचा एक मुलगा ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. धुळीने पांढरा पडलेला तो चेहरा दिसला तेव्हा जमलेल्या गर्दीने टाळ्या वाजवल्या. त्या गर्दीत कोण कुठल्या धर्माचे, हे कोणी पाहिले नाही. मदतीच्या हातांवर धूळ तर सारखीच होती.

वर्षही उलटले नाही तोच २२ जुलै २०२१ चा पाऊस आला. सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाड बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर खचला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी कोसळल्या. तळीयेत काही जणांचे मृतदेह हाती लागलेच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. ज्यांना चितेची आग मिळायची होती, त्यांना मातीनेच पोटात घेतले. मूठमाती हा शब्द त्या दिवसांत इथल्या लोकांना नुसता वाक्प्रचार म्हणून वापरता आला नसेल.

पूर ओसरल्यावर महाडच्या घराघरांत, दुकानादुकानांत चिखल होता. बाहेरगावाहून आलेले तरुण, मदरशांतली मुले, गणेश मंडळांचे कार्यकर्ते, निरनिराळ्या संस्थांचे स्वयंसेवक फावडी घेऊन उतरले. दुकानाची पाटी वाचून मग चिखल उपसायचा की नाही, हे कोणी ठरवले नाही. संकट ओसरले की माणसे पुन्हा पाट्या वाचू लागतात, हेही तितकेच खरे. चिखल वाळला की त्याची धूळ होते, आणि धूळ डोळ्यांत जाते.

मनातला गुबार

धुळीचा शेवटचा अर्थ सर्वांत नाजूक आहे. उर्दूत 'गुबार' म्हणजे हवेतली धूळ, तसाच मनात साचलेला मळभ. कोणाचे बोलणे लागते, कोणाचा गैरसमज होतो, कुठला तरी जुना व्यवहार खुपत राहतो. बोलून मन मोकळे केले की म्हणतात, गुबार निघाला.

या अर्थाचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक महाराष्ट्रात लिहिले गेले. 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद यांना मुंबईत अटक झाली. त्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले तेही याच किल्ल्यात. मौलानांनी तिथे आपले मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रे लिहिली. ती टपालात पडण्याची सोय नव्हती. १९४६ साली ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने पुस्तकरूपात आली. खातिर म्हणजे मन. खातरजमा आणि खातीरदारी या मराठी शब्दांतली 'खातर' तीच. म्हणजे मनावरची धूळ.

या पत्रांत चहा आहे, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्या आहेत आणि एक मोठे दुःखही आहे. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम यांचे निधन झाले. आजारपणाच्या बातम्या येत होत्या, तरी मौलानांनी सरकारकडे सुटकेची याचना केली नाही. मनात इतका गुबार असूनही त्या पत्रांत कोणाविरुद्ध गरळ नाही. धूळ मनावर बसते हे खरे, पण ती दुसऱ्याच्या डोळ्यांत फेकलीच पाहिजे असे नाही, हे त्या पानांतून समजते.

एकोणिसाव्या रोज्यानंतर लवकरच रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू होतात. शब-ए-कद्रच्या रात्री माफी मागण्याच्या रात्री असतात. पण जाणकार सांगतात की माणसाचे माणसाकडे राहिलेले देणे माणसानेच माफ करावे लागते. भाऊबंदकीतली बांधाची भांडणे, भागीदारीतले अडकलेले पैसे, मोबाईलवर आलेला एखादा मजकूर वाचून शेजाऱ्याविषयी मनात धरलेला राग, हे सगळे गुबारच. १४ मार्चच्या त्या जुम्याला धुलिवंदन आणि नमाज एकाच दुपारी आले, तेव्हा देशभरात त्यावर किती बोलले गेले. धुळीला वंदन करणारा सण आणि धुळीला कपाळ लावणारी प्रार्थना यांत भांडण कशाचे, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावा.

सध्या पोलादपूरच्या डोंगरउतारांवर संध्याकाळी धूर दिसतो. शेतकरी कवळ आणि पातेरा पसरून राब भाजतात. मातीवर राखेचा थर बसतो. जूनच्या तोंडाशी, पाऊस पडायच्या आधीच, त्या कोरड्या मातीत भाताचे बी टाकले जाईल. कोकणात तिला धूळवाफेची पेरणी म्हणतात. आभाळात ढग नसताना धुळीत बी पेरायचे, म्हणजे केवढा भरवसा! त्या धुळीला कोणी नावे ठेवत नाही.

ईदच्या सकाळी नमाज झाली की माणसे गळाभेट घेतात. त्याआधी घरे झाडली जातील, जाळ्या-जळमटे निघतील, कपडे धुतले जातील. जमले तर एखाद्या अबोल्याच्या घरीही जाऊन यावे. फार वेळ बसायचे नसेल तर धूळभेट चालेल. शिरखुर्मा प्यायला बोलवायचे झाले, तर मराठीत त्याचे निमंत्रण आधीपासून तयार आहे : पायधूळ झाडा.